माझी शाई वाळली, बरं झालं!

मी शाईचा पॅड बोलतोय. पत्र्याची डबी आणि आत जांभळी गादी, एवढाच माझा संसार. पण अंगठ्यांच्या बाबतीत माझ्याइतका जाणकार अख्ख्या दांडी गावात मिळायचा नाही!

इथल्या मासळी विकणाऱ्या बायकांच्या मंडळासाठी जागृतीने मला बोईसरच्या दुकानातून आणलं. ती मंडळाची चिटणीस, बारावी शिकलेली. बाकी सगळ्या माझी गिऱ्हाइकं. अंगठा दाबायचा, कागदावर टेकवायचा आणि उरलेली शाई खुशाल दाराच्या चौकटीला पुसायची!

अध्यक्ष मंगलामावशींचा अंगठा मात्र माझ्या नाकी नऊ आणायचा. खाऱ्या पाण्यात बोंबील धुऊन धुऊन त्याच्या रेघाच झिजलेल्या. कागदावर नुसता जांभळा डाग पडे.

त्या डागानेच घात केला. बाजारात या बायका सकाळपासून दुपारपर्यंत बसतात आणि घोटभर पाणी पीत नाहीत, कारण मग जायचं कुठे? मावशींना तर मूतखड्याने दोनदा लोळवलं होतं. म्हणून मंडळाने ग्रामपंचायतीकडे बाजारात बायकांसाठी शौचालय मागितलं. अर्ज परत आला. शेरा होता, ‘ठसे ओळखू येत नाहीत.’

“आता सह्याच करायच्या, मावशी,” जागृती म्हणाली.

“या वयात? लोकं हसतील गो!”

“हसू देत की!”

मावशींच्या नवऱ्याने, नरहरीने, होडीला बायकोचंच नाव दिलंय. बोंबील वाळत घातले की मावशी त्या होडीसमोर बसत आणि ओल्या वाळूत काडीने अक्षरं गिरवत. बाकीच्या आधी हसल्या, मग जागृतीकडून आपापलं नाव काढून घेऊन शेजारी बसल्या. मी जागृतीच्या पिशवीतून पाहत होतो. जळत होतो, खोटं कशाला बोलू?

दोन महिन्यांनी सह्यांचा दिवस आला. पहिली सही मावशींची. जीभ दाताखाली धरून त्यांनी लिहिलं: मंगला. त्यापुढे होडीचा नोंदणी नंबर आणि शेवटी एक छोटा झेंडा!

जागृती कपाळाला हात लावून म्हणाली, “मावशी, हे काय?”

“होडीवर हाय तसाच लिवलाय. काय पण गाळला नाय!”

सगळ्या पोट धरून हसल्या. अर्ज पुन्हा परत येईल या भीतीने जागृती खोडायला निघाली, तेव्हा मावशींनी तिचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे गो. गावात मंगला चार हायत, पण या नंबरची होडी एकच हाय. आता बघू कोण ओळखत नाय ते!”

अर्ज मंजूर झाला. गेल्या महिन्यात शौचालय उघडलं, आणि सकाळी दहा वाजता, भर बाजारात, मंगलामावशी तांब्याभर पाणी गटागटा प्यायल्या. वर म्हणाल्या, “आण गो अजून एक!” तो आनंद मी डोळ्यांनी पाहिला.

माझी गादी आता कडकडीत वाळली आहे आणि माझी काही तक्रार नाही. शाईची बाटली घेऊन माझी कीव करायला मात्र कुणी येऊ नका. तुमच्या गावात माझा एखादा भाऊ अजून ओला असेल, तर त्यालाही सुखाने वाळू द्या.