बिनरेघेची प्लेट

"हात लावायचा न्हाय म्हणून सांगितलंय ना!" धर्माजी खेकसले आणि प्लेट आवळून धरणाऱ्या व्हाईसला मृणाली लावत असलेला पाना त्यांनी हिसकावूनच घेतला.

"काका, मशीन थरथरतंय. व्हाईस खोलून खालून पुसू या, एवढंच म्हणते."

"खंडेनवमीला पूजलेला व्हाईस हाय. दिवाळीपर्यंत हलवायचा न्हाय, आमची रीत हाय ती. खोट तुझ्या हातात हाय, बाई!"

उरणजवळच्या त्या शेडमधलं धातू तासायचं मिलिंग मशीन धर्माजी तरुणपणापासून चालवत आले होते. आता दुसऱ्या पाळीला त्यावर ही आयटीआयची पोरगी असायची. दसऱ्यापासून मात्र ॲल्युमिनियमच्या प्लेटांवर रेघा उमटत होत्या, तिच्याही आणि त्यांच्याही. मालक मितेशने आज दमच भरला होता, "जिसकी प्लेट साफ, मशीन त्याची. दुसरा ड्रिलवर." या वयात ड्रिलवर भोकं पाडायची! धर्माजींच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

मृणाली चहाला गेली. धर्माजींनी दोन धारांचा नवा कटर थरथरू नये म्हणून आखूड धरून लावला, वर थंडाव्याला रॉकेल मारलं. मशीन तसंच किंचाळलं, रेघा तशाच. मग इकडेतिकडे बघत त्यांनी गुपचूप व्हाईसचे बोल्ट सोडले.

खाली टेबलाला कुंकवाने लाल झालेले तांदूळ चिकटले होते. पूजेला व्हाईस उतरवून टेबलावर अक्षता त्यांनीच वाहिल्या होत्या आणि मोठ्या भक्तीने वरून व्हाईस आवळला होता. दाण्यांवर तो सपाट बसणार कसा? त्यांनी दाणे खरवडले, टेबल पुसलं, व्हाईस सरळ लावून पुन्हा कसला. या वेळी मशीन गुणगुणलं आणि प्लेट लख्ख निघाली.

मितेशने येऊन प्लेटवरून नख फिरवलं. "म्हणजे लडकीचाच फॉल्ट होता ना, काका?"

मृणाली दारातच उभी होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते धर्माजींच्या ओठांवर आलंही.

"व्हय," ते म्हणाले. "धसमुसळी हाय."

मृणाली आपला हातरुमाल घ्यायला मशीनपाशी आली. धर्माजींच्या बाहीला एक लाल दाणा चिकटला होता. तिने तो चिमटीत धरला, व्हाईसकडे पाहिलं आणि दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"तुमची अक्षत, काका."

एवढंच बोलून ती ड्रिलकडे गेली. मितेश प्लेट उजेडात धरून खुशीत हसत होता. धर्माजींनी मूठ मिटली. लाज वाटत होती, आणि दाणा पूजेचा होता, टाकवतही नव्हता.