दादांच्या संग्रहातलं खरं-खोटं

दादा गेल्यानंतर त्यांची खोली आवरायचं त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, जिवावर आलं होतं. दादांनी जन्मभर जुन्या लढायांतल्या वस्तू जमवल्या. वहिनींची धाकटी जाऊ संग्रहालयात शस्त्रांच्या विभागात होती, पण दादांनी तिला कधी कपाटाला हात लावू दिला नाही. "तू परीक्षाच घेशील," म्हणायचे आणि हसण्यावारी न्यायचे. आता मात्र वहिनींनीच तिला बोलावलं.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्या वॉकर टेकत आत आल्या आणि पलंगावर बसल्या. पलंगाशेजारच्या खिडकीतून वारा येत होता. दार आपटू नये म्हणून दारात लोखंडी हातबॉम्बचा एक गोळा ठेवलेला असायचा. जावेने तो पायानेच सरकवून दाराला लावला. दार अर्धवट उघडं राहिलं.

तिने आधी शिरस्त्राण घेतलं.

"हे तरी खरं निघू दे," वहिनी म्हणाल्या. "याच्यापायी माझ्या बहिणीच्या लग्नाला आले नव्हते ते."

जावेने आतल्या चामड्यावर जांभळ्या उजेडाची बॅटरी धरली. शिवण निळसर चमकली. "दोरा नायलॉनचा आहे, वहिनी. जुना सुती दोरा असा चमकत नाही. आणि गंज बघा, सगळीकडे सारखा. मुद्दाम चढवलेला."

पदकावर भिंगातून बारीक बारीक छिद्रं दिसली. खऱ्या पदकासारखं ठशाने उठवलेलं नव्हतं, साच्यात ओतलेलं होतं. तलवारही तशीच निघाली. वहिनींचा चेहरा उतरत गेला. जावेला वाटलं, कशाला आलो आपण.

"एकूण एक खोटं? इतकं बनवलं त्यांना लोकांनी?"

"चांगले जाणकारही फसतात, वहिनी."

"आता तो दारातला राहिला. तो नकलीच आहे म्हणा, दुकानदाराने असाच वर दिला होता."

हाती घेतलंय तर पुरं करू, म्हणून ती दाराशी गुडघ्यांवर बसली. नकली असला तर अंगावर साच्याची रेघ दिसते. निकामी केलेला असला तर बुडाला भोक पाडलेलं असतं. रेघ नव्हती. बुडाचं बूच घट्ट बसलेलं, भोक कुठेच नाही. दारू भरायच्या जागेवरचा स्क्रू रंगाखाली तसाच, कधी उघडलेला नव्हता. वरचा खटका दाबून धरणारी पिन गंजून तारेएवढी उरली होती.

याला आपण पायाने ढकललं. तेवढ्यात वाऱ्याने दार किंचित हललं आणि गोळ्यावर टेकलं.

"वहिनी, खिडकी लावून घ्या. हळूच."

"का गं? कोंडल्यासारखं होतं मला."

"लावा आधी."

खिडकी लागली. मग ती म्हणाली, "हा खरा आहे."

वहिनींचा चेहरा एकदम खुलला. "खरा? म्हणजे एक तरी..."

"वहिनी, भरलेला आहे."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू जा. मला कुठे पळता येतंय?"

"वेड्यासारखं बोलू नका. माझ्या खांद्यावर हात टाका."

अर्ध्या दारातून वॉकर जाणार नव्हता, आणि दार आणखी उघडावं तर त्याला टेकलेला गोळा लवंडला असता. जावेने वहिनींचा हात गळ्यात घेतला, त्यांच्या गाऊनचा घोळ मुठीत आवळून वर धरला. दोघी अंग तिरकं करून दारातून निघाल्या. दुखरा पाय गोळ्याच्या अगदी जवळून गेला. वहिनी कण्हल्या, पण थांबल्या नाहीत. जावेच्या मानेवर त्यांची नखं रुतली.

बाहेर आल्यावर तिने शेजारची दारं ठोठावली आणि जिन्यातूनच पोलिसांना फोन केला. सगळी इमारत रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. कुणीतरी वहिनींना खुर्ची आणून दिली. बॉम्बपथक येईपर्यंत जावेची नजर वरच्या खिडकीवरून हटली नाही.

पथकाच्या प्रमुखाने वाळूच्या पेटीतून तो गोळा खाली आणला.

"आत दारू आहे," तो म्हणाला. "पिन किती टिकली असती, सांगता येत नाही. कुणी हलवला नाही ना?"

"मी पायाने सरकवला."

त्याने तिच्या चपलांकडे पाहिलं आणि गाडीत चढला. संध्याकाळी गावाबाहेरच्या खाणीत त्यांनी तो उडवला.

वहिनी त्या घरात झोपायला तयार होईनात. जावेने त्यांना आपल्याकडे आणलं. चहा करून दिला.

"ऑपरेशनच्या आधी झाडताना मी रोज केरसुणीने ढोसायची त्याला," त्या म्हणाल्या. "एवढा जीव होता यांचा त्या वस्तूंवर, आणि खऱ्याखोट्यातलं काही कळत नव्हतं?"

"विचारायला संकोच वाटला असेल. मीच हट्टाने बघायला हवं होतं."

"तुझ्याशी वाद घालून कोण जिंकणार, म्हणूनच टाळायचे ते," वहिनी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच रडल्या.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर संग्रहालयात पोचली. तिच्या जागेवर आधी असलेल्या माणसाने 'प्रतिकृती' अशी चिठ्ठी लावलेल्या हातबॉम्बांची एक अख्खी फळी तिथे होती. इतकी वर्षं ती त्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवून बसली होती. तिने पहारेकऱ्याला दालन बंद ठेवायला सांगितलं आणि आत पाऊल टाकायच्या आधी पथकाच्या प्रमुखाला फोन लावला.