मठीच्या छपरावर

शब्दकोशाच्या कचेरीत माझं काम एवढंच, दिलेला शब्द वाक्यात वापरून दाखवायचा. शाळेत याच प्रश्नाला मी काठावर पास व्हायचो. आता त्याचाच पगार घेतो.

एकदा 'मठी' हा शब्द वाट्याला आला. मठी म्हणजे लहानसा मठ. मी झोकात लिहिलं, 'मठीत गूढ शांतता नांदत होती.'

संपादकबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "इथे 'गुहा' घातलं तरी चालतंय. 'तिजोरी'सुद्धा. तुम्ही मठी कधी पाहिली आहे का?"

पाहिली नव्हती. माझी धाकटी मावशी मात्र काका गेल्यावर गावाबाहेरच्या टेकडीवर एका मठीतच राहायला गेली होती. रविवारी मी चेहरा शक्य तितका गंभीर करून तिथे पोचलो.

शांतता कसली! दोन खोल्या, मावशी धरून तीन संन्यासिनी आणि बादली कुणी फोडली यावरून जुंपलेलं भांडण. मला बघून मावशी हरखली.

"आज कशी आठवण झाली रे?"

"सहजच."

"सहज कुणी एवढा चढ चढत नाही. खरं सांग."

मी खरं सांगितलं. तिने फुटकी बादली बाजूला सारली. "म्हणजे शब्दासाठी आलास. असू दे. आलाच आहेस तर वर चढ, छप्पर गळतंय."

मला भिंतीत साधा खिळा ठोकता येत नाही. पण ओशाळलेला माणूस काहीही करतो. मी वर चढून चार कौलं इकडची तिकडे केली आणि खाली पाहिलं, तर शिडी गायब! एका संन्यासिनीने ती शेजारच्या मळ्यात परत देऊन टाकली होती आणि तिघीही आत ध्यानाला बसल्या होत्या. ध्यान चालू असताना बोलायचं नाही, उठायचं नाही. मी हाका मारल्या, खोकलो, शिंकलोसुद्धा. गूढ शांतता अखेर नांदू लागली आणि मला तिचा भयंकर संताप आला.

ध्यान आटोपून मावशी अंगणात आली. "अगं बाई, तू अजून वरच?" आणि ती हसत सुटली. हसता हसता मटकन खाली बसली. काका गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

"तुझं वाक्य घे," ती डोळे पुसत म्हणाली. "'मठीत जागा कमी, म्हणून पाहुण्यांना छपरावर ठेवतात.'"

सोमवारी मी तेच लिहून दिलं.

"पाहुण्यांना छपरावर? याला आधार काय?" संपादकबाईंनी विचारलं.

"मी."

त्यांनी उत्तरार्ध खोडला. कोशासाठी उरलं ते एवढंच, 'मठीत जागा कमी असते.'

आठवड्याभरात मावशीचा फोन. "अरे, आधी एकाच ठिकाणी गळत होतं, आता तीन ठिकाणी गळतंय. रविवारी ये. शिडी मीच धरून बसते."

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. छप्पर दुरुस्त होण्याची काही चिन्हं नाहीत आणि मावशीलाही घाई दिसत नाही.