लिहिणाऱ्या हातास नमस्कार

मित्रांनो, चुडावा ग्रामपंचायतीच्या सामानाच्या खोलीत, खताच्या रिकाम्या पोत्यांमागे जी लाकडी पेटी दिसते ना, ती म्हणजे मी. मी एक जुना टीव्ही आहे, काळा-पांढरा. माझ्या तोंडाला सरकती लाकडी दारं आहेत आणि त्यांतलं एक आता अर्ध्यावरच अडकतं. आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आधी मानाचं सांगतो. मान मलाही मिळाला. पण आज मला माझ्या लाजेचं सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायला तोंड उघडत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या मुलींनी माझ्या पोटात तारा जोडल्या, डाख दिले, काच बसवली. सरकारी योजनेतून मी पेंढ्यात गुंडाळून रेल्वेने आलो आणि चुडाव्याच्या स्टेशनावर उतरलो. बैलगाडीतून मला पंचायतीच्या खोलीत आणलं, नारळ फोडला. दसऱ्याला माझ्या दारांना हळदकुंकू लागायचं. पंचायतीचा शिपाई भुजंग माझ्या कुलपाची किल्ली करगोट्याला बांधून गावभर हिंडायचा, जणू सातबारा त्याच्याच नावावर आहे. मला हे सारं फार आवडायचं. खोटं कशाला सांगू?

दर गुरुवारी संध्याकाळी ‘सहा उंबरे’ नावाची मालिका लागायची. एका गल्लीतल्या सहा घरांची ती गोष्ट. पण चुडाव्याच्या बायका गोष्टीसाठी यायच्याच नाहीत. त्या यायच्या गोष्टीच्या आधीच्या नावांसाठी. सुरुवातीला माझ्या काचेवर काळा फळा दिसायचा. मग उजवीकडून एक हात यायचा, नुसता मनगटापर्यंतचा. बोटांत खडू. तो हात एकेक अक्षर काढून नावं लिहायचा. आधी पोट, मग दांडी, मग काना-वेलांटी, सगळ्यात शेवटी डोक्यावरची रेघ. एक नाव झालं की पुसायचं, दुसरं लिहायचं. पुरी तीन मिनिटं हेच.

त्या हाताची खरी पारख केली ती मनकर्णाने. परभणीच्या कॉलेजात बी.ए. होऊन ती या गावात सून म्हणून आली होती. माझ्याच खोलीत ती बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायची. कडेवर तान्ही लेक असायची. तिचा एक डोळा बायकांच्या पाट्यांवर आणि दुसरा लेकीवर असायचा. पोर खडू तोंडात घालील, माझ्या वायरीला हात लावील, दारात बोट चेंगरून घेईल, असा घोर तिला सतत लागलेला. वर्गाला दोनच बायका येत. मग एका गुरुवारी ती म्हणाली, “पाट्या घेऊन बसा. हा हात लिहील तसं तुम्हीही लिहा.” महिनाभरात चौदा बायका झाल्या.

त्यांत पुढे बसायची ती कस्तुराबाई. दिवाळीनंतर उसतोडीला जाणारी, हाताला कोयत्याचे घट्टे पडलेली. तिची एकुलती लेक छबू राणीसावरगावला दिलेली होती. छबू चौथी शिकली होती आणि महिन्याकाठी आईला एक कार्ड धाडायची. कार्ड पंचायतीत यायचं आणि भुजंग ते पारावर बसलेल्या चार माणसांत मोठ्यानं वाचायचा. सासू काय बोलली, जेवायला किती वाढलं, पोटात का दुखतं, सगळं. कस्तुराबाई पदर तोंडाशी धरून ऐकायची. तिला एवढंच हवं होतं, की लेकीचं कार्ड आपण आपल्या डोळ्यांनी वाचावं.

“मनगट बघ की, बाईमाणसाचं दिसत न्हाई,” शेजारची सरजाबाई त्या हाताकडे बघून म्हणायची.

“बांगडी न्हाई म्हणून का? उसाच्या फडात तुझ्या तरी हातात बांगड्या टिकत्यात का गं?” कस्तुराबाई म्हणायची आणि सगळ्या हसायच्या.

तिसऱ्या नावापाशी बायका मागे पडायच्या. सरजाबाई ओरडायची, “थांब की रं बाबा, पळायलाय कुठं!” आणि नेमका तिथंच त्या हातातला खडू मोडायचा. हात क्षणभर थांबायचा, दुसरा खडू घ्यायचा. तेवढ्यात बायकांचं नाव पुरं व्हायचं.

“बघितलं? ऐकतोय आपलं,” सरजाबाई म्हणायची.

“पर दर गुरुवारी तिथंच कसा मोडतो?” एकीने एकदा विचारलं.

“आपण दर गुरुवारी तिथंच मागं पडतो म्हणून,” कस्तुराबाईने सांगितलं. ते सगळ्यांना पटलं.

मित्रांनो, मला ठाऊक होतं. तो हात कधीच लिहून गेला होता, एकदाच. त्याची फीत फिरत होती. पण त्या चौदा जणी माझ्याकडे जे बघायच्या, ते मला सोडवेना. मनकर्णालाही ठाऊक होतं. तिने एकदा तोंड उघडलं, “अहो, तो हात म्हणजे...” आणि बायकांच्या पाट्यांकडे बघून मिटलं. सांगितलं तर त्या येतील का, ही धास्ती तिला वाटली असणार. आम्ही दोघंही गप्प राहिलो.

मग मालिका संपली. बायका उसतोडीला गेल्या आणि निम्मी अक्षरं फडातच विसरून आल्या. दीड वर्षाने बातमी आली, ‘सहा उंबरे’ पुन्हा सुरू होणार. त्या गुरुवारी खोली भरून गेली. पाट्या धुऊन आणलेल्या. मनकर्णाची लेक आता चालत होती. तिलाही एक पाटी मिळाली होती.

माझ्यातून धाडकन आवाज निघाला. अंधारातून अक्षरं भिंगरीसारखी गरगरत आली, काचेवर आदळली आणि ठिकऱ्या होऊन गेली. दहा-बारा नावं अर्ध्या मिनिटात संपली. मनकर्णाची लेक भोकाड पसरून रडायला लागली. एकाही पाटीवर एक रेघ उमटली नव्हती.

“हे खरं टीव्हीवानी झालं!” भुजंग खूश झाला. “आधीचं काय, मास्तर फळ्यावर लिव्हायलाय अन् आपण बसलोय बघत.”

“तुला काय, तुला वाचता येतंय. आमचा हात कुठं गेला, ते सांग,” कस्तुराबाई म्हणाली.

त्या आठवड्यात बायकांनी ठरवलं की पत्र लिहायचं. प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवायचा एक कार्यक्रम तेव्हा माझ्यावर लागायचा. मनकर्णा लिहून देते म्हणाली. कस्तुराबाईने नको म्हटलं. तीन संध्याकाळी खपून तिने स्वतः एक कार्ड लिहिलं. अडलं तिथे मनकर्णाला विचारलं. मी समोरच होतो, मला ते पाठ आहे.

‘लिहिणाऱ्या हातास नमस्कार. तुम्ही गेलात आणि नवा आला. तो फार पळतो. त्याची अक्षरं फुटतात. आमचं निम्मं शिकायचं राहिलं आहे. तुम्ही परत या. आजारी असाल तर बरे व्हा. चुडाव्याच्या बायका.’

मनकर्णाने ते दोनदा वाचलं. तेव्हा तरी ती बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, “छान झालंय, मावशी,” आणि कार्ड टपालपेटीत टाकायला गेली.

तीन आठवड्यांनी ते कार्ड वाचलं गेलं. गावाचं नाव ऐकताच बायकांनी एकमेकींचे हात धरले. कस्तुराबाई मांडी सावरून ताठ बसली. माझ्या काचेवर दोघं निवेदक होते. एकीने कार्ड वाचलं. वाचता वाचताच तिचे ओठ दुमडायला लागले. ‘आजारी असाल तर बरे व्हा’ म्हणताना तिला राहवलंच नाही. दुसरा म्हणाला, “भगिनींनो, हात ठणठणीत आहे! तो कॅसेटमध्ये असतो, कॅसेटमध्ये!” आणि दोघंही मोकळेपणी हसले.

ते हसू माझ्या तोंडातून बाहेर पडलं. ज्यांनी मला हळदकुंकू लावलं, त्यांच्यावर मी हसलो. माझी दारं मला ओढून घेता आली असती तर मी घेतली असती. खोलीच्या दारात उभा असलेला भुजंगही खो खो हसला. मग खोलीतलं कुणीच हसत नाही हे पाहून गप्प झाला.

कस्तुराबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने मनकर्णाकडे पाहिलं.

“तुला ठावं होतं?”

मनकर्णाने मान खाली घातली. बायका एकेक करून उठल्या. चपलांचा आवाज तेवढा झाला.

पुढचे चार गुरुवार मी रिकाम्या खोलीत बोललो. मनकर्णा यायची, लेकीला मांडीवर घेऊन बसायची, जायची. पाचव्या गुरुवारी मालिकेच्या आधी निवेदिकेने सांगितलं, की नावं वाचता येत नाहीत अशी ठिकठिकाणाहून बरीच पत्रं आल्यामुळे मालिकेची जुनी सुरुवात परत आणली आहे. काळा फळा दिसला. उजवीकडून तो हात आला.

नेमकी त्याच वेळी कस्तुराबाई दारात आली. माझ्यासाठी नव्हे.

“ही घ्या तुमची पाटी, मास्तरीणबाई.”

“मावशी, तो हात परत आलाय. बघा तरी.”

“आला आसंल. त्याला काय, कॅसेटीत बसलाय.” तिने पाटी खाली ठेवली. “त्या लोकांच्या हसण्याची लाज न्हाई वाटली मला. ते कोण आमचे? तू आमच्यात बसून आमाला येड्यावानी बोलू दिलंस, त्याची वाटली. माझी छबू हितं आसती तर तिनं सांगितलं आसतं.”

मनकर्णाच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळलं. “मी भ्याले, मावशी. खरं सांगितलं तर तुम्ही यायच्या नाहीत, असं वाटलं. चुकलं माझं. तुमच्या मनापेक्षा मला माझा वर्ग मोठा वाटला.”

कस्तुराबाईने कमरेच्या पिशवीतून एक कार्ड काढलं. दोन दिवसांपूर्वी पोस्टमनला वाटेतच गाठून तिने ते घेतलं होतं, भुजंगाच्या हाती लागू दिलं नव्हतं.

“छबूचं हाय. पहिल्या दोन ओळी लागल्या. पुढं जोडाक्षर हाय.”

मनकर्णा उठली. काचेवर तो हात अजून लिहीत होता, तिसऱ्या नावापाशी पोचला होता. तिने माझी कळ फिरवली. हात विझला. मी गच्च काळा पडलो.

आणि माझ्या काळ्या काचेत त्या दोघी दिसायला लागल्या. मनकर्णाने पाटी मांडीवर घेतली आणि ते जोडाक्षर सोडवून, एक अर्धं, एक पुरं, असं लिहिलं. कस्तुराबाई म्हणाली, “हळू.” मनकर्णा थांबली. खरीच थांबली. कस्तुराबाईचे ओठ हलत राहिले. कार्ड शेवटपर्यंत वाचून झालं तेव्हा तिने ते घडी न घालता छातीशी धरलं. तेवढ्यात भुजंग कुलूप लावायला आला.

“काय म्हणायली छबू?” त्याने विचारलं.

“मला म्हणायली ती,” कस्तुराबाई म्हणाली. “तुला न्हाई.”

विद्यापीठाच्या नामांतराची बातमी मी या गावाला सांगितली, त्या वर्षीच पंचायतीत रंगीत टीव्ही आला आणि मी पोत्यांमागे गेलो. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्यावरची धूळ पुसा, असंही मी म्हणणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं लहान मूल किंवा एखादी आजी काही भलतंच समजून बसली असेल, तर तिला हसू नका. पण ऐकायला गोड वाटतं म्हणून तिला तसंच राहूही देऊ नका. जवळ बसा, हळू सांगा. मला जवळ बसता आलं नसतं, मी तर पेटी. तुम्हाला येतं.