पृथ्वी थांबवणारी खुर्ची

भिंगरी हे नाव तिला मामाने ठेवलं, आणि त्याला कारण झाली ती खुर्ची. अगदी लहानपणापासून ती मामा-मामीकडेच वाढली. मामाच्या सलूनमध्ये गिऱ्हाईक नसलं की ही पोर फिरत्या खुर्चीवर चढायची आणि गरगर फिरत राहायची. मामी ओरडायची, "अगं, ओकशील!" मामा म्हणायचा, "ओकली तर मी पुसेन. फिरू दे तिला."

तीच भिंगरी आता भौतिकशास्त्र शिकून तयार झाली होती आणि तिला विद्यापीठात पहिल्या वर्षाला शिकवायची नोकरी हवी होती. हवी म्हणजे किती, तर घास हातात धरून भिंतीकडे बघत बसण्याइतकी. अट एकच होती. खऱ्याखुऱ्या वर्गापुढे एक तास घेऊन दाखवायचा. विभागप्रमुख मॅडम बसून ऐकणार आणि तास संपला की तिथेच हो किंवा नाही सांगणार.

विषय तिने हातखंडा असलेला निवडला. फिरणारी वस्तू आक्रसली की जास्त जोरात फिरू लागते. मोठ्या ताऱ्याचा गाभा शेवटी आक्रसून एखाद्या शहराएवढा होतो, तेव्हा तोही असाच भन्नाट गिरक्या घेतो. हे दाखवायची युक्ती सोपी. फिरत्या स्टुलावर बसायचं, पाण्याने भरलेल्या बाटल्या घेऊन हात पसरायचे, कुणीतरी ढकललं की हात छातीशी ओढायचे. पण विभागाचं स्टूल मोडून पडलेलं, आणि नवं येईल तेव्हा येईल. मग उरली मामाची खुर्ची.

"ने की!" मामा म्हणाला. "पण मीही येणार. ती एकटी कधी कुठे गेलेली नाही."

आदल्या दिवशी दोघांनी पाय ठेवायची जड पट्टी काढली आणि भिंगरीने गिरक्या घेऊन पाहिल्या. खुर्ची झक्क फिरली. मामीने सवयीने "ओकशील" म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून उतरवलेली खुर्ची वर्गात आली, तेव्हा प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने विचारलं, "ही कुठून पैदा केली?"

"एका ओळखीच्यांची आहे," भिंगरी म्हणाली.

कशाला म्हणाली, देव जाणे. ते ओळखीचे, म्हणजे मामा, बाजूलाच खुर्चीची पाठ धरून उभे होते. मामाने रुमालाने खुर्चीचे हात पुसले आणि तो मागच्या बाकावर जाऊन बसला. भिंगरीने जीभ चावली, पण तोवर पोरं आत आली होती आणि मॅडमही.

तास छान रंगला. मग ती बाटल्या घेऊन खुर्चीवर बसली, हात पसरले आणि पुढच्या बाकावरच्या एका उंच मुलाला म्हणाली, "ढकल." त्याने ढकललं. खुर्ची कुरकुरली, थोडीशी वळली आणि थांबली. भिंगरीने हात छातीशी ओढले. खुर्ची ढिम्म.

"तारा आक्रसला वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खो-खो हसला. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. गेली नोकरी, भिंगरीला वाटलं.

मागच्या बाकापाशी मामा उभा राहिला होता. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"काल जरा डुगडुगत होती गं," तो म्हणाला. "चारचौघांत तुझी फजिती नको, म्हणून सकाळी बोल्ट आवळला."

बरोबरच होतं त्याचं. गळ्यावर वस्तरा असताना खुर्ची फिरली तर काय घ्या! मामाच्या धंद्यात चांगली खुर्ची म्हणजे जागची न हलणारी. भिंगरीच्या धंद्यात नेमकं उलटं.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"माझे मामा," भिंगरी म्हणाली. आता तिचा आवाज मोकळा झाला होता. "त्यांचं सलून आहे. खुर्चीही त्यांचीच. मघाशी मदतनिसांना मी ओळखीच्यांची म्हणाले, ते चुकलं. मी या खुर्चीवरच लहानाची मोठी झाले."

मग ती वर्गाकडे वळली. "हसून झालं? आता सांगा. याने मला ढकललं, मी वळले, मग थांबले. ते वळणं गेलं कुठे?"

"संपलं," एकजण म्हणाला.

"फिरण्याचा साठा असा संपत नाही, तो कुणाच्या तरी पदरात पडतो. माझी खुर्ची कुठे घासली? तळाशी. तळ जमिनीवर, आणि जमीन कुणाची?"

उंच मुलगाच चाचरत म्हणाला, "पृथ्वीची? म्हणजे पृथ्वी फिरली?"

"नखभरही नाही, मोजता येणार नाही इतकी. पण तू ढकललंस तेव्हा पाय कुठे रोवले होतेस? जमिनीवरच. मला एकीकडे ढकललंस, तेव्हा पृथ्वीला उलट दिशेला ढकललंस. आवळलेल्या बोल्टने ते सगळं तिला परत दिलं. पृथ्वी बिघडवलीस तू, आणि जागेवर आणली माझ्या मामांनी."

या वेळी वर्ग हसला, तो वेगळं हसला. मामाने खिशातून पाना काढून पुढे धरला. भिंगरी सरळ गुडघ्यांवर बसली, सीटखाली हात घातला आणि न बघता बोल्ट सैल केला. पुन्हा बसली, पुन्हा हात पसरले, मुलाने पुन्हा ढकललं. हात आत ओढताच खुर्ची अशी गरगरली की वेणी मागे उडाली आणि पोरांनी बाकं बडवली. मामा नकळत ओरडला, "ओकशील!"

मॅडमनी बाकं शांत व्हायची वाट पाहिली. "सोमवारपासून या," त्या म्हणाल्या. "खुर्चीसकट आलात तर उत्तमच."

"खुर्ची नाही मिळणार," मामा म्हणाला. "भाची घ्या." आणि रुमाल डोळ्यांना लावून खिडकीबाहेर बघत राहिला.

परतताना टेम्पोत मामा हळूच म्हणाला, "खरंच मी पृथ्वी जागेवर आणली?"

"खरंच, मामा."

"मग मामीला सांगू नकोस हं. ती म्हणेल, कपाट सरकवायला सांगितलं की तुमची पाठ दुखते."