ओढ्यापल्याडचा नेम

“आवाज लय व्हत न्हाई, बाई,” नाथाजी म्हणाला. “लोकांना वाटतं, कपाळावर दगड बसला की नारळ फुटल्यावानी व्हत आसंल. तसं न्हाई. ओल्या मातीत खोरं बसावं, तसा आवाज येतो. माणूस मग जरा उभाच ऱ्हातो. त्याला ठावंच नसतं, आपण मेलोय म्हणून.”

ज्ञानदानं कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या राजसकडं बघितलं. त्यानं मान हलवली. आवाज स्वच्छ येत होता, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर सकाळचं ऊन होतं. दोन महिने ती ज्या माणसाच्या शोधात होती तो हाच, हे तिला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं.

हे अठ्ठ्याण्णव साल. ज्ञानदा सांगलीची, लग्न होऊन साताऱ्याला आलेली. नवरा राजस लग्नांचं चित्रण करायचा. दोघांनी मिळून कॉम्प्युटर घेतला, टेपवर चित्रण करणारा छोटा डिजिटल कॅमेरा घेतला आणि सीडी बनवायचा धंदा सुरू केला. सीडी घातली की पडद्यावर नकाशा उघडायचा. गावावर माउसनं टिचकी मारली की तिथलं माणूस समोर येऊन स्वतः बोलायला लागायचं. गड किती उंच, धबधबा किती खोल हे छापील पत्रकातही असतं. माणसं गोष्टीच्या ओढीनं येतात, असं ज्ञानदा म्हणायची.

ते आप्पासोला पटलं होतं. आप्पासोचं हायवेला हॉटेल होतं आणि कोरेगावच्या बाजूला, माळशिंगी आणि पानशेंडी या दोन गावांमधल्या ओढ्यावर तो पर्यटकांसाठी खोल्या बांधत होता. पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांना वाटायला त्याला सीडी हवी होती.

“धबधबं समद्यांकडं हायती,” तो म्हणाला होता. “आपल्याकडं लढाई हाय.”

लढाई खरीच होती. माघातल्या देवीच्या यात्रेला दोन्ही गावचे गडी ओढ्याच्या दोन काठांना उभे राहायचे आणि गोफणीनं एकमेकांवर दगड फेकायचे. रक्त सांडलं की साल चांगलं जातं, असं म्हणायचे. डोकी फुटायची, हळद भरायची, संध्याकाळी दोन्ही गावं एका पंगतीला बसायची. मग एका वर्षी माळशिंगीचा अर्जुना जागच्या जागी मेला. दगड कुणाचा, कुणी विचारलं नाही. देवीनं नेला, असं दोन्ही गावांनी ठरवलं आणि लढाई बंद केली. त्यालाही पंधरा-सोळा वर्षं झाली होती. आता या गावच्या लेकी त्या गावात नांदत होत्या.

नाथाजी पानशेंडीचा. तो दगड आपला होता, हे त्यानं ज्ञानदाला कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं. कुणी इतक्या आस्थेनं त्याला काही विचारलंच नव्हतं.

परतताना राजस म्हणाला, “हे ठेवायचं सीडीत? त्या अर्जुनाची बायको आहे अजून गावात.”

“तिच्याकडं कुठला कॉम्प्युटर?” ज्ञानदा म्हणाली.

आप्पासोनं दोन्ही गावच्या पंचांना गाठलं. देवळावर पत्रा घालून देतो, चित्रणापुरती एकदा लढाई करा, दगडांऐवजी ओली ढेकळं घ्या. पंच तयार झाले.

यात्रेच्या दिवशी सकाळी दोन्ही काठ माणसांनी भरले. पोरं झाडांवर चढली. गड्यांनी गोफणी काढल्या, बायकांनी घमेल्यांत ढेकळं रचली. आप्पासोनं कर्णा लावला होता आणि हातात माइक घेऊन तो इकडून तिकडं फिरत होता. ज्ञानदाला नाथाजीची तीच वाक्यं ओढ्याच्या काठावर, मागं माणसं दिसताना हवी होती. तिनं त्याला उभं केलं, तेवढ्यात आप्पासो पुढं आला आणि त्यानं माइक म्हाताऱ्याच्या हातात दिला.

“सांगा आबा. समद्यांना ऐकू द्या.”

ज्ञानदा पुढं झाली आणि थांबली. राजसनं तिच्याकडं बघितलं. तिनं हातानं खूण केली, चालू राहू दे.

कर्ण्यातून स्वतःचाच आवाज परत ऐकू आल्यावर नाथाजी ताठ झाला. “आर्जुना नामी गडी,” तो म्हणाला. “त्या काठाला त्याच्यावानी दुसरा नव्हता. त्यो दगड उचलाया वाकला व्हता. मी गोफण फिरवत थांबलो. वाकलेल्याला आमी मारीत न्हाई. त्यो सरळ झाला, माझ्याकडं बघितलं त्यानं, आन् मग सोडला. कपाळाच्या मधोमध.”

हा त्याला अर्जुनाचा मान वाटत होता. पलीकडच्या काठावर मात्र बोलणं थांबलं. कुणाचं तरी पोर रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

अर्जुनाची बायको मनुबाई बायकांच्या मागं उभी होती. शाळू हुरड्यात आला होता. ती पहाटेपासून शेतातल्या माळ्यावर पाखरं राखत होती आणि तशीच आली होती. कमरेला गोफण होती. ती बायकांतून वाट काढत पाण्याशी आली. वाकून तिनं ओढ्यातला एक गोटा उचलला, गोफणीत बसवला. जवळच्या कुणीतरी “मनू, आगं” एवढंच म्हटलं. गोफण दोनदा तिच्या डोक्यावरून फिरली.

दगड नाथाजीच्या तोंडावर बसला. माइक त्याच्या ओठांशीच होता. जबडा मोडल्याचा आवाज कर्ण्यातून दोन्ही गावांनी ऐकला, आणि मागोमाग घशात रक्त उतरल्याची घरघर. तो गुडघ्यावर आला, दातांचा लगदा त्याच्या सदऱ्यावर पडला, मग तो कुशीवर कलंडला.

पुढं ढेकळं कुणी उचललीच नाहीत. ओढ्यात दगडांना तोटा नव्हता. पानशेंडीची पोरं पाण्यात शिरली, माळशिंगीचे गडी त्यांच्या अंगावर आले. एकाचा कान लोंबायला लागला. एका सुनेनं, जिचं माहेर पलीकडं होतं, आडवी होऊन भावाला धरलं आणि तिच्याच दिरानं तिच्या पाठीत काठी घातली. कर्णा कुणीतरी पाडला. आप्पासो जीपकडं पळाला. राजस चित्रण करत होता. एक दगड त्याच्या कोपरावर बसला, हाड कातडीतून वर आलं आणि तो ओरडत खाली बसला.

कॅमेरा ज्ञानदानं उचलला.

का उचलला, हे तिला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला चार जण दिसले. त्यांनी मनुबाईला केसांनी ओढून काठावर आणलं होतं. एकानं तिचा उजवा हात दगडावर ठेवला आणि दुसऱ्यानं त्यावर पाय दिला. हात उलटा वळला. मनुबाई ओरडली नाही. तिसरा तिच्या पोटात लाथा घालत होता. छोट्या पडद्यात सगळं स्पष्ट होतं, ऊनसुद्धा. ज्ञानदानं पाय रोवून चौकट सरळ धरली. चौकटीतून मनुबाईनं तिच्याकडं बघितलं. मदत मागितल्यासारखं नाही, ही कोण उभी आहे, एवढंच बघितलं.

ज्ञानदा पळत सुटली. कॅमेरा दोन्ही हातांनी वर उचलून तिनं लाथा घालणाऱ्याच्या टाळूवर हाणला. तो खाली बसला तरी तिनं आणखी दोनदा हाणला. काच फुटली, तिच्या तळव्यात घुसली. दुसऱ्यानं तिच्या कानशिलावर बुक्की मारली आणि ती मनुबाईच्या अंगावरच पडली. तिथून ती हलली नाही. लाथा आता दोघींना बसत होत्या.

पोलिसांची गाडी आली तेव्हा ओढ्याचं पाणी गढूळ झालं होतं. नाथाजी साताऱ्याला नेताना वाटेतच मेला. मनुबाईला हात प्लास्टरमध्ये असतानाच अटक झाली. त्या संध्याकाळी पानशेंडीकडून कुणीतरी तिच्या शाळवाला काडी लावली. उभं पीक ताटासकट जळालं.

कॅमेरा मोडला, पण आतली टेप शाबूत होती. पाचव्या-सहाव्या दिवशी आप्पासो स्टुडिओत आला. ज्ञानदाचा कान अजून बधिर होता.

“झालं ते वंगाळच झालं,” तो खुर्चीत बसत म्हणाला. “पर ताई, आता हेच घाला सीडीत. म्हातारा बोलतोय, दगड बसतोय. मुंबईची लोकं येड्यावानी येतील.”

“माणूस मेलाय, आप्पासाहेब.”

“म्हणून तर म्हणतोय.”

“टेप पोलिसांना देणार आहे मी.”

“टेप माझ्या कामाची हाय.”

राजस प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून कोपऱ्यात उभा होता. “तिनं सांगितलं ना, जावा तुम्ही,” तो म्हणाला.

आप्पासो गेला. दुपारी त्याची तीन माणसं आली. त्यांनी राजसला मोडक्या हातावर लाथ मारून पाडलं, कॉम्प्युटरवर लोखंडी गज घातला, कपाटं उलटी केली. त्यांना टेप मिळाली नाही. ज्ञानदा तेव्हा ती घेऊन पोलीस ठाण्यात बसली होती.

टेपची गरज होतीच. पानशेंडीच्या सगळ्या साक्षीदारांनी सांगितलं, नाथाजी काही बोललाच नाही. बाई एकाएकी खवळली. मनुबाईला मारलेलंही कुणी बघितलं नव्हतं. दीड वर्षानं खटला उभा राहिला, तेव्हा न्यायालयात टीव्ही आणला आणि टेप लावली. नाथाजीचा आवाज पुन्हा सगळ्यांनी ऐकला. पानशेंडीची माणसं खाली बघत बसली. मनुबाईला मारणारे चौघे पडद्यावर ओळखू येत होते. त्यांच्यावर वेगळा खटला झाला.

वकिलानं मनुबाईला पढवलं होतं. भान राहिलं नाही, असं म्हणायचं. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा ती उभी राहिली. वाकडा जुळलेला हात तिनं पदराखाली घेतला होता.

“भान व्हतं,” ती म्हणाली. “पाखरं राखून राखून नेम बसलाय माझा. तोंडावरच मारला. त्याच तोंडानं बोलला त्यो.”

वकिलानं कपाळाला हात लावला. तरी टेपमुळं सात वर्षांच्या सक्तमजुरीवरच निभावलं.

निकालानंतर पोलिसांनी तिला आवारात गाडीपाशी उभं केलं. ज्ञानदा तिच्याजवळ गेली. इतक्या दिवसांत दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या. काय बोलायचं ते ज्ञानदानं वाटेत जुळवून ठेवलं होतं.

“आप्पासोनं खोल्या उघडल्या म्हणं,” मनुबाईच आधी बोलली.

“हो. दुसऱ्या कुणाकडून सीडी करून घेतली. ओढा दाखवलाय, पाखरं दाखवलीत. लढाई नाही.”

“लोक येत्यात?”

“येतात. शनिवार-रविवार.”

मनुबाईनं मान डोलावली. मग आवाज खाली आणून विचारलं, “तू समद्यांकडं जाऊन बोलतीस, चौकशी करतीस. माझा शाळू कुणी जाळला, ठावं हाय तुला?”

ज्ञानदाला ठाऊक होतं. पानशेंडीच्या एका बाईनं यष्टी स्टँडवर तिला नाव सांगितलं होतं, बापाचं नाव आणि आळीसुद्धा. मनुबाईचा थोरला दीर दोन पावलांवर उभा होता. त्याच्या मागं माळशिंगीची पाच-सहा पोरं होती, आणि ती या दोघींकडंच बघत होती.

“नाही,” ज्ञानदा म्हणाली.

मनुबाईनं तिच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं.

“खोटं बोलतीस,” ती म्हणाली.

हवालदारानं दार उघडलं. मनुबाई चांगल्या हातानं कडी धरून गाडीत चढली आणि आतल्या बाकावर पाठ करून बसली. दीर पुढं आला आणि ज्ञानदाला विचारू लागला, काय म्हणत होती ती, काय विचारत होती. ज्ञानदा त्याला उत्तर न देता फाटकाकडं चालत गेली.