तिसऱ्या खेपेवरचं नाव

सकाळी कात्रीबाईंनी बदलांची यादी उघडली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यादीत पहिलाच बदल मास्तरांचा होता, आणि त्याखाली तपासणारी म्हणून बाईंचं नाव. तो कोड बाईंनी जन्मात पाहिला नव्हता.

दुसऱ्याच्या कोडमधलं नको ते छाटायच्या म्हणून त्या कात्रीबाई. कारखाना दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या उबेच्या पेट्या बनवायचा. पेटीतल्या सेन्सरपासून कंट्रोलरपर्यंत दोन बारीक तारा, त्यांना म्हणायचं बस. आणि त्या तारांवरून तापमान विचारून आणणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, तो मास्तरांनी लिहायचा आणि बाईंनी डोळ्यांत तेल घालून तपासायचा. बाईंची भाची अशाच एका पेटीत बावीस दिवस होती. आता ती मावशीच्या चपला लपवण्याइतकी मोठी झाली होती.

हाच बदल मास्तरांनी फेरफार करत तीन खेपांत पाठवला होता. पहिली खेप चोख होती. सेन्सर गप्प बसला तर तीनदा विचारायचं, तरी उत्तर नाही तर भोंगा वाजवायचा. बाईंनी खुशीने नाव दिलं होतं. तिसऱ्या खेपेत भोंग्याची ओळ गायब होती. तिच्या जागी होतं: मागचाच आकडा परत द्या.

बाई थेट मास्तरांच्या टेबलाशी गेल्या. मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून हे नाव.

"मास्तर, हे मी कधी तपासलं?"

"ताई, तुमचं नाव पहिल्या खेपेपासून होतंच. तेच आपोआप पुढे आलं."

"कोड बदलला आणि नाव तेवढं तसंच राहिलं?"

मास्तरांनी मान खाली घातली. "साहेबांनी सांगितलं म्हणून केलं. गिऱ्हाइकासमोर दोनदा भोंगा वाजला होता."

साहेब आवाज ऐकून केबिनबाहेर आलेच. "बाई, एवढं काय झालं? चाळीस अंशांवर हीटर तोडणारा वेगळा स्विच आहे ना. आणि आज संध्याकाळी हे पाठवायचंय."

बाईंना इतका राग आला होता की शब्द जपून उच्चारावे लागले. "चाचणीच्या खोलीत चला. दोघंही."

खोलीत एक पेटी चालू होती. साडेछत्तीसवर लावलेली, पडद्यावर छत्तीस पूर्णांक दोन. बाईंनी दवाखान्यातला साधा थर्मामीटर गादीवर ठेवला, झाकण लावलं, आणि सेन्सरची तार उपटली.

पडद्यावर छत्तीस पूर्णांक दोनच राहिले. भोंगा नाही, दिवा नाही. ऊब अजून कमीच आहे या समजुतीने हीटर मात्र इमानेइतबारे चालू. तिघं उभे राहिले. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं नाही. पंचवीस मिनिटांनी थर्मामीटर एकोणचाळीस पूर्णांक एक दाखवत होता. पडदा छत्तीस पूर्णांक दोनवर ठाम.

"स्विच अजून पडलेला नाही," बाई म्हणाल्या. "बाळ रडेल, आई पडद्याकडे बघेल, नर्स पडद्याकडे बघेल. सगळ्यांना वाटेल ठीक आहे. आणि ठीक आहे असं सांगणारी कोण, तर मी."

"तुमचं नाव काढलं तर आज जाणार कसं?" साहेबांचा आवाज खाली आला होता. "दुसरं कोण नाव देणार?"

बाईंनी खोलीतल्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची मागे ओढली. "तुम्ही द्या. तुमचंही नाव चालतं तिथे."

साहेब बसले. आपल्या नावाची दोन अक्षरं त्यांनी टाइप केली. मग पेटीकडे बघितलं. ती दोन अक्षरं खोडून ते उठले आणि म्हणाले, "मी गिऱ्हाइकाला फोन करतो."

मास्तरांनी न सांगता तार परत जोडली. पडदा एका झटक्यात एकोणचाळीसवर गेला आणि ऊब जास्त झाल्याचा भोंगा ओरडू लागला. तो कुणीच बंद केला नाही.

बाईंचा राग उतरला नव्हता. उतरणारही नव्हता इतक्यात. त्या खुर्चीत बसल्या आणि बदलाखाली लिहिलं: तपासला, नाकारला. त्याच्यापुढे त्यांनी आपलं पूर्ण नाव घातलं, या वेळी स्वतःच्या हाताने.